ससाणा कुणाच्या हातावर, हा प्रश्नच चुकीचा आहे

2025 च्या नागपंचमीला शिराळ्यात 21 नाग पकडायला केंद्रानं परवानगी दिली. ती अभ्यासापुरती आणि पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारापुरतीच होती, पण त्या दिवसापासून आमच्याकडं एक वेगळाच वाद पेटलाय. बैलगाडी शर्यती सुरू झाल्या, नाग आले, मग बाजदारीनंच काय घोडं मारलंय? बाजदारी म्हणजे बाज, बहिरी ससाणा, शिक्रा असले पक्षी पाळायचे, शिकवायचे आणि त्यांच्याकडनं शिकार करून घ्यायची. त्यात आखातातली रील रोज मोबाईलवर येतात, पांढरा झगा, जाड हातमोजा, पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली की पक्षी सुटला, आणि मग पोरं म्हणतात आपल्या राजांचाही हा खेळ होता, लायसन्स द्या की. त्याला उत्तर देणारे दुसरे एकच वाक्य टाकून मोकळे होतात, बंदी आहे, जेलात जाशील, विषय संपला. मी दोन्हीकडचं वाचलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, दोनचार वेळा तावातावानं भांडलोय पण, आणि मला वाटतं दोन्हीकडच्यांना पक्षी दिसतच नाहीये.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. बाजदारीला परवाना देऊ नये, रानातला एकही पक्षी या कामासाठी पकडू देऊ नये. पण बंदी म्हणजेच संवर्धन असं जे समजतात ते तितकेच चुकतायत, आणि बाजदारांनी शेकडो वर्षात जे ज्ञान जमवलं ते फेकून देणं हा तर शुद्ध करंटेपणा आहे.

परंपरेचा मुद्दा खोटा नाही, हे पहिलं मान्य. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा सोमेश्वर तिसरा राज्य करत होता, आपला हा सगळा कृष्णाकाठ त्याच्याच अमलाखाली, आणि त्याच्या मानसोल्लास या ग्रंथात श्येनविनोद, म्हणजे ससाण्याकडनं शिकारीचा खेळ, असं स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे मुघल यायच्या कितीतरी आधीपासून हा खेळ इथं होता, कुणी बाहेरनं आणला म्हणून हिणवायचं कारण नाही. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांना शिकारीचा केवढा नाद, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही संगम माहुलीला आहे, जाऊन बघा. जगातही बाजदारीला मान आहे, 2010 मध्ये युनेस्कोनं तिला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतलं आणि 2021 पर्यंत 24 देश त्यात आले. तेव्हा हा काही रिकामटेकड्यांचा खेळ आहे असं मी म्हणणार नाही. रानातला पक्षी, जो माणसाचं काहीएक देणं लागत नाही, तो सोडल्यावर परत हातावर येतो, त्यामागं महिनोन्महिने जागरण आणि रोज तोळ्यामाशाच्या हिशोबानं वजन बघणं असतं.

बाजदारीच्या बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा मात्र हा नाहीच, आणि आमच्याकडची पोरं तो मांडतही नाहीत म्हणून मीच मांडतो. बहिरी ससाणा वाचवला तो बाजदारांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डीडीटी आलं, ते किड्यांतनं छोट्या पक्ष्यांत आणि तिथनं ससाण्यात साठत गेलं. इंग्लंडमध्ये गंमत अशी झाली की शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली, ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं खातात. म्हणून 1961-62 मध्ये मोजणी झाली आणि निघालं उलटंच, ससाणे संपत चाललेत. ते काम करणाऱ्या डेरेक रॅटक्लिफनं पुढं जुन्या संग्रहातली अंडी काढून त्यांची कवचं तपासली, नव्या अंड्यांशी ताडून बघितली आणि 1967 मध्ये दाखवून दिलं की कवच पातळ झालंय, अंडी आईच्या अंगाखालीच फुटतायत. अमेरिकेत तर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एक जोडी उरली नव्हती. तिथं टॉम केड नावाचा प्राध्यापक, स्वतः बाजदार, त्यानं 1970 मध्ये पेरेग्रीन फंड उभा केला. पिंजऱ्यात ससाण्याची पैदास करायची कुणाला सवय नव्हती, पक्षी कसा बसतो, कधी बिथरतो, काय खातो हे माहिती होतं ते फक्त बाजदारांना, आणि जोड्यासुद्धा त्यांच्याच हातावरच्या आल्या. पिल्लं परत रानात सोडायची पद्धत पण त्यांचीच जुनी. कड्यावर किंवा उंच मनोऱ्यावर पेटी ठेवायची, माणूस दिसणार नाही अशा बेतानं खाणं टाकायचं, पिल्लू उडायला लागलं की पेटी उघडी ठेवायची, ते उडून येतं, खाऊन जातं, आणि एक दिवस स्वतःची शिकार स्वतः करतं, मग येतच नाही. असे हजारो पक्षी सोडले आणि 1999 मध्ये अमेरिकेनं बहिरी ससाण्याला धोक्यातल्या यादीतनं बाहेर काढलं. हे श्रेय नाकारणारा माणूस एकतर वाचत नाही किंवा त्याला मान्य करायचं नाही.

मी स्वतः हे ज्ञान एकदा जवळनं बघितलंय. तासगावकडं नातेवाइकाच्या द्राक्षबागेत जाळीत एक शिक्रा अडकला होता, चिमण्यांच्या मागं आला असणार. आम्ही पोचलो तेव्हा तो उलटा लटकलेला, एका पंखाला नायलॉन इतका घट्ट बसलेला की कात्री आत जाईना, आणि ते पिवळंजर्द बुबुळ आमच्याकडं असं रोखलेलं की हात थरथरत होता माझा. डोक्यावर रुमाल टाकला तसा एकदम शांत झाला. बुटाच्या खोक्यात घालून, फॉरेस्टवाल्यांना कळवून त्याला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका जाणत्या माणसाकडं पोचवलं. हाड मोडलं नव्हतं पण उडायची तीन पिसं मधनं तुटलेली, आणि तुटलेलं पीस आपोआप वाढत नाही, ते गळून नवीन यायला पुढचा हंगाम लागतो, तोवर पक्षी कोंडून ठेवायचा म्हणजे त्याची शिकारीची सवय जाते. त्या माणसानं एका डब्यातनं शिक्र्याचीच गळलेली जुनी पिसं काढली, त्यातलं बरोब्बर त्याच नंबरचं पीस निवडलं, तुटक्या पिसाची नळी सरळ कापली, बांबूची सुईसारखी काडी तासली, निम्मी खालच्या नळीत, निम्मी वरच्या पिसात, मधे गोंदाचा थेंब. तीन पिसं, तासभर. शिक्र्याच्या डोक्यावर छोटी चामड्याची टोपी होती, त्यामुळं तो हललासुद्धा नाही. मी विचारलं हे कुठं शिकलात, तर म्हणाला ही बाजदारांची विद्या आहे, शेकडो वर्षांची. ती टोपी पण त्यांचीच.

मग एवढं सगळं मान्य करून परवान्याला विरोध का? कारण हाच खेळ आपल्याच मातीत, आपल्याच शेजारी, एका प्राण्याच्या बाबतीत शेवटपर्यंत खेळून झालाय. चित्ता. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडनं काळवीट मारायचा शौक होता, त्यासाठी चित्तेवान असायचे, आणि ते कसबी लोक होते याबद्दल वादच नाही. अकबराकडं एकावेळी हजार चित्ते होते म्हणतात. पण त्या शेकडो वर्षात पाळीव चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद किती? एक, जहांगीरच्या काळातली. बाकी प्रत्येक चित्ता माळावरनं धरून आणलेला. धरता धरता माळ रिकामा झाला, मग विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगरसारखी संस्थानं आफ्रिकेतनं चित्ते मागवायला लागली आणि 1952 ला सरकारनं जाहीर केलं, भारतातला चित्ता संपला. चित्तेवानाचं चित्त्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेम होतं, कौशल्य होतं, राजाश्रय होता, फक्त पुढच्या पिढीचा चित्ता कुठनं येणार हा हिशोब कुणी केला नाही.

आपली बाजदारी याच जातीची होती, म्हणजे पक्षी रानातनं धरायचा. आणि धरल्यावर तो बिथरू नये म्हणून काय करायचे माहितीय? दोऱ्यानं त्याच्या पापण्या शिवायचे. मग माणसाच्या आवाजाची सवय होईल तसा दोरा हळूहळू सैल करायचा. हे कुठल्या विरोधकानं रचलेलं नाही, जुन्या काळी इथं आणि युरोपातही ही रीतच होती. आजही पाकिस्तानात मोठा ससाणा धरायला लगड वापरतात. लगड हा आपल्या माळांचा ससाणा, त्याच्या पापण्या शिवतात, पायात पिसांचा गुंडा आणि फासे बांधून उडवतात. वरनं मोठ्या ससाण्याला वाटतं याच्याकडं शिकार आहे, तो हिसकवायला येतो आणि फाशात अडकतो. तोच लगड आज जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे.

इथं कुणीतरी बैलगाडीचा दाखला देणार, तर तो नीट बघू. खिलार ही आमच्या आटपाडी-माणची जात, माणसानं घडवलेली, शर्यत बंद पडली तर तो बैल सांभाळणार कोण हा प्रश्न खरा आहे आणि मला तो पटतो. पण ससाणा माणसानं घडवलाय का? त्याला जगायला तुमच्या दावणीची गरज आहे का? बैल गोठ्यातनं सुटला तर हरवतो, ससाणा हातावरनं सुटला तर घरी जातो. दोन्हीला एकच तर्क लावायचा म्हणजे शेताला लावलेलं माप विहिरीला लावण्यासारखं आहे.

मग म्हणतात, फार्मवर पैदास केलेले आणू, रानातले नको. अमिरातीत आज बहुतेक ससाणे असेच फार्मचे असतात, हे खरं. मंगोलियात ससाण्यांसाठी 5000 कृत्रिम घरटी उभी राहिली ती अबुधाबीच्या पैशातनं, हेही खरं. अमेरिकेत रानातला कोवळा ससाणा धरायला थोडे परवाने मिळतात, कारण पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त पिल्लं तशीही मरतात, त्यातली चार धरली तर एकूण संख्येला धक्का बसत नाही. मुद्दा तर्काला धरून आहे. पण त्यांनी आधी मोजलं आणि मग परवाना दिला. आपल्याकडं जत तालुक्यात लगडाच्या किती जोड्या आहेत, माणमध्ये तुरुमती या छोट्या ससाण्याची किती घरटी आहेत, हे कुणी सांगू शकेल? आणि फार्मचा आणि रानातला ओळखायचा कसा, कोण ओळखणार? देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून बंद आहे, तरी पोपटाचा पिंजरा किती घरांच्या ओसरीला टांगलेला असतो ते आपण सगळे रोज बघतो, आणि पोपटाला शेख गिऱ्हाईक नाही, ससाण्याला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आहे, दंड किमान 25 हजार. आज निदान हातावर ससाणा दिसला की तो बेकायदा एवढं तरी स्पष्ट आहे. एकदा कागद निघाला की प्रत्येक पक्ष्यामागं एक कागद तयार होईल. पाकिस्तानात हुबाऱ्याचं काय झालं बघा, आपल्या माळढोकाचा भाऊबंद तो, आखाती पाहुणे ससाण्याकडनं ज्याची शिकार करतात तो पक्षी. 2015 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आणि काही महिन्यांत, जानेवारी 2016 ला, ती उठली पण. कारण परवाना आखाती पाहुण्यांच्या हातात होता आणि पाहुण्यांना नाराज करायची कुणाची तयारी नव्हती.

द्राक्षवाल्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो जिव्हाळ्याचा वाटतो, कारण घरचाच आहे. न्यूझीलंडला द्राक्षाच्या पट्ट्यात तिथले ससाणे आणून सोडले, आणि अभ्यासात निघालं की ससाणा असलेल्या बागेत पक्ष्यांनी तोडून नेलेली द्राक्षं 95 टक्क्यांनी कमी. हे ऐकून आमच्याकडं एकजण म्हणाला, मग तासगावला पण बाजदार आणू की. अहो, पण त्या प्रयोगात कुणाच्या हातावर ससाणा नव्हता! पिल्लं आणली, पेट्यांत ठेवली, मोठी झाली, मोकळी उडाली. बागेला फायदा झाला तो मोकळ्या पक्ष्याचा. आणि आपल्याला तर आणायचीही गरज नाही, शिक्रा आहे, कापशी घार आहे, खरुची आहे, रात्रीला गव्हाणी घुबड आहे. बांधावरची बाभळ आणि लिंब ठेवा, हरभऱ्यात पक्षीथांबे लावता तसे चार बागेच्या कडेला लावा. उलट आपण करतो काय, झाडं तोडतो, उंदराला रक्त पातळ करणारं ब्रोमाडिओलोन घालतो, आणि तो अर्धमेला उंदीर घुबड उचलून नेतं.

आता दुसऱ्या बाजूकडं वळतो, ज्यांना वाटतं कायदा आहे ना, मग झालं. त्यांना एकच विचारायचंय, गिधाडाची शिकार कोण करत होतं? कुणी नाही. कुणाच्या हातावर गिधाड बसत नव्हतं, कायद्याचं संरक्षण होतं, आणि तरीही 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त संपली. कारण निघालं जनावरांना वेदनेवर देतात ते डायक्लोफिनॅक, मेलेल्या जनावराच्या मांसातनं गिधाडाच्या पोटात गेलेलं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचायला लागले म्हणून 2015 मध्ये 3 मिलीची मर्यादा आली, किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक या तसल्याच औषधांवर बंदी यायला 2023 उजाडलं. इंग्लंडमध्येही बहिरी ससाण्याला 1954 पासून कायद्याचं संरक्षण होतं आणि तो मरत होता ते त्यानंतरच. बंदूक आणि फासा यांना कायदा ओळखतो. सुई, फवारा आणि विजेची तार त्याला दिसत नाहीत.

आणि पातं. चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्याच्या तोंडाला जाऊन बघा, ठोसेघरच्या पुढं, पवनचक्क्यांखाली. तिथं एक देखणा सरडा आहे, सरडा सुपर्बा हे त्याचं शास्त्रीय नावच आहे, नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो आणि मिटतो. पवनचक्क्या नाहीत त्या भागात हा सरडा तुम्ही दिसला की लांबनंच दगडाखाली जातो. पवनचक्कीखालचा बराच जवळ येऊ देतो. का? मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावर काम करून 2018 मध्ये दाखवलं की पवनचक्क्यांच्या पट्ट्यात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आहेत, सरडे दाट झालेत, त्यांची भीती कमी झालीय. वरनं कुणी येतच नाही हे सरड्याला कळलंय. तिथं एकही बाजदार नाही, एकही फासा नाही. मी वीज नको म्हणत नाही, पण आकाशातला अख्खा एक थर उठून गेला आणि आपण भांडतोय कशावर, तर कुणाच्या मनगटावर ससाणा शोभेल यावर.

माळाचंही तेच. जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव, इथल्या गवताळ माळाला कागदावर पडीक म्हणतात. हिवाळ्यात मध्य आशियातनं भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, हजारो किलोमीटर उडून, आणि रात्री उतरतात ते याच पडीकातल्या गवतात, जमिनीवर. त्या जागेवर चर खोदून झाडं लावली, सोलर टाकलं, नांगर फिरवला तर कुणाला गुन्हा वाटत नाही, उलट कौतुक होतं. धनगराच्या मेंढरांनी जो माळ शेकडो वर्षं माळ म्हणून राखला तो आपण पंधरा-वीस वर्षांत बिनवापराची जमीन म्हणून वाटून टाकतोय.

बाजदारीचं ज्ञान वाचवायचं असेल तर त्यालाही वाट आहे, आणि ती वाट याच देशात एका माणसानं चालून दाखवलीय. बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन, पक्षी धरणं हा पिढीजात धंदा. त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालायच्या कामावर घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या हातांनी पिसालाही धक्का न लावता पक्षी धरले, कडी घातली आणि सोडून दिले. आपल्याकडं पारध्यांच्या वस्त्यांवर तित्तिराची शीळ हुबेहूब काढणारी माणसं आहेत, घरटं कुठल्या बाभळीवर असेल ते लांबनं सांगणारी आहेत, आणि आपण त्यांना फक्त गुन्हेगार म्हणून ओळखतो. त्यांना पगारावर घेऊन आधी जिल्ह्यातली घरटी मोजू दे. जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रांत टोपी, हातमोजा, पीस जोडायची विद्या रीतसर शिकवू दे. लायसन्सच्या मागणीसाठी जेवढा आवाज लागतोय त्याच्या निम्म्यात एवढं होईल.

तो शिक्रा साडेतीन आठवड्यांनी आम्ही जिथं सापडला तिथनंच सोडला. खोकं उघडलं तर आधी बाहेरच येईना, मग एकदम जमिनीलगत गेला आणि विहिरीवरच्या लिंबात बसला, लगेच दोन खारी ओरडायला लागल्या. जोडलेली तीन पिसं जरा फिकट होती, लांबनंही कळत होती. बागवाल्या पाहुण्यांनी तेव्हा एवढंच विचारलं, जाळी काढू म्हणता तर माल कोण राखणार? मी म्हणालो, काढू नका, माल उतरला की गुंडाळा, मोकळ्या बागेवर लोंबकळत ठेवू नका, आणि बारीक नायलॉनऐवजी जाड, डोळ्याला दिसणारी घ्या. परवा त्या बाजूला गेलो होतो. माल उतरून आठवडा झालेला, जाळी गुंडाळून शेडात ठेवलेली, नवीन, पांढरी आणि जाड.